डब्यात काय होतं?

"अगं सुमन, जरा कुंपणाशी ये बघू. शीलाच्या नवऱ्याचं कळलं का? गेल्या आठवड्यात दुपारी मीटिंगमध्ये साहेब बोलत असताना हा पठ्ठ्या चक्क घोरला!"

"अगंबाई! जागरण झालं असेल, काकू."

"कसलं जागरण? दहाच्या ठोक्याला त्यांचा दिवा बंद. माझ्या खिडकीतून दिसतो ना. डब्यात काय होतं ते विचार. एकादशी! गच्च भरून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर दोन केळी."

"मग उपासाला माणसाने खायचं काय?"

"खावं की. पण शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नसतं, सगळं पिठूळ. रक्तातली साखर भर्रकन चढणार, मग डोळे जड. राजगिऱ्याची भाकरी द्यावी, दही द्यावं. खिचडीच हवी तर थोडी, आणि दाण्याचं कूट सढळ हाताने."

"पण दोन-अडीचला मी उपाशी असले तरी पेंगते हो."

"ती वेळच तशी. शरीराच्या घड्याळातच दुपारची सुस्ती लिहिलेली आहे. म्हणून काय वर भाताचा डोंगर रचायचा? यांच्या डब्यात मी दोन पोळ्या, मटकीची उसळ, कोशिंबीर आणि भात नावाला द्यायची. उसळ अगदी सुकी हं, नाहीतर पिशवीला तेलाचे ओघळ! ताकाची बाटली वेगळी, जिरेपूड घालून. चारला फुटाणे. आणि जेवल्यावर दहा मिनिटं पाय मोकळे करायचेच, खुर्चीला लगेच चिकटायचं नाही."

"आमच्याकडे चारला वडापाव आणि सहाला कडक चहा."

"सहाला? अगं, त्यातलं निम्मंअर्धं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं. मग झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी जांभया, की पुन्हा चहा! कंपनीत फुकट मिळतो ना, तिथेच घोळ आहे."

"शीलाला सांगितलंत का हे?"

"सांगितलं तर! सोमवारपासून बिचारी पहाटे उठून उसळी करतेय."

"मग, पडला फरक?"

"पडला की. शेजारच्या टेबलावरच्या पोराला! हा आपला डबा त्याला देतो आणि त्याचे छोले-भटुरे स्वतः हाणतो. ते पोरगं दुपारभर टुणटुणीत, साहेब त्याच्यावर खूश. याची पेंग जशीच्या तशी."

"अरे देवा! शीलाला ठाऊक आहे?"

"अजून नाही. म्हणून तर आधी तुला सांगितलं."