सदासर्वदा मंत्री

लक्झेंबर्ग हा देश आकाराने कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण एक तृतीयांश. एका अंगाला फ्रान्स, दुसऱ्या अंगाला जर्मनी, तिसऱ्या अंगाला बेल्जियम. सकाळी गाडी काढली तर सगळा देश पालथा घालून माणूस दुपारी जेवायला घरी. इथे राजाला ग्रँड ड्यूक म्हणतात. आता एवढ्याशा राज्यात खुर्च्या त्या किती असणार? त्यामुळे ज्याला एकदा मिळाली, तो ती अंगावरच्या कपड्यासारखी वापरतो. १९५९ ते २०१३ या चोपन्न वर्षांत या देशाला पंतप्रधान लागले अवघे चार. त्यांतले चौथे ज्याँ-क्लोद युंकर. मंत्रिपद या प्रकाराला माणसाचं रूप दिलं, तर ते थेट यांच्यासारखं दिसेल.

वडील पोलाद कारखान्यातले कामगार आणि कामगार संघटनेतले कार्यकर्ते. मुलाने स्ट्रासबुर्गला जाऊन कायद्याची पदवी घेतली आणि वकिली मात्र एक दिवसही केली नाही. जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे असताना, १९८२ साली, युंकर सरकारात शिरले ते २०१३च्या डिसेंबरात बाहेर पडले. मधल्या एकतीस वर्षांत बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ गेला, फ्रँक-मार्क ही नाणी गेली; हे तेवढे राहिले. १९८९ साली मोटार अपघात होऊन दोन आठवडे कोमात होते. शुद्धीवर आले आणि पुन्हा कामाला लागले. खातं शाबूत होतं.

खातं म्हणणंही चूकच, खाती म्हणायला हवं. १९८४पासून कामगार खातं, १९८९पासून अर्थ खातं आणि १९९५पासून पंतप्रधानपद. नवं आलं म्हणून जुनं सोडायचं, ही उधळपट्टी त्यांच्या स्वभावात नव्हती. १९९५ ते १९९९ ही तिन्ही एकाच माणसाकडे होती. म्हणजे कल्पना करा: कामगारमंत्री युंकर मजुरांसाठी पैसे मागणार, अर्थमंत्री युंकर तिजोरीकडे बोट दाखवून मान हलवणार, आणि पंतप्रधान युंकर दोघांना शेजारी बसवून समजूत काढणार. अशा बैठकीला खुर्ची एक पुरते आणि चहाही एकच कप. इतिवृत्तात मतभेदाची नोंद व्हायची भीती नाही.

एवढ्या सरावानंतर दुसऱ्यांची भांडणं म्हणजे डाव्या हातचा मळ. डिसेंबर १९९६मध्ये डब्लिनला नव्या युरो चलनाच्या शिस्तीवरून जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल आणि फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक यांचं फाटलं. दोघेही अंगाने आणि आवाजाने भारदस्त. मध्ये हे. कृष्णशिष्टाई फसली होती. ही साधली, आणि वर्तमानपत्रांनी यांना डब्लिनचा नायक करून टाकलं. यांच्याकडे ना मोठं सैन्य, ना दरारा. होता फक्त एक गुण: जर्मन माणसाची कुरकुर त्याच्या भाषेत ऐकायची, फ्रेंच माणसाची त्याच्या भाषेत, आणि आपण दोघांपैकी कुणालाही भारी पडणार नाही याची खात्री दोघांना देत राहायची.

पुढे २००५पासून आठ वर्षं युरो वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या बैठकीचं अध्यक्षपदही यांच्याकडेच. तिथे त्यांच्या स्वभावाचा दुसरा पैलू दिसला. मुरलेला मंत्री खरं बोलत नाही हे जगाला ठाऊक असतं. युंकरसाहेबांनी २०११ साली एका जाहीर कार्यक्रमात ते स्वतःच सांगून टाकलं. प्रकरण गंभीर झालं की खोटं बोलावं लागतं, असा त्याचा मथितार्थ. पुढच्याच महिन्यात ग्रीसच्या कर्जाच्या प्रश्नावर लक्झेंबर्गमध्ये गुपचूप बैठक भरली, आणि अशी काही बैठकच नाही असं त्यांच्या प्रवक्त्याने पत्रकारांना ठणकावून सांगितलं. बोले तैसा चाले म्हणतात ते आणखी काय वेगळं असतं? काय करायला हवं ते आम्हा सगळ्यांना कळतं, फक्त ते केल्यावर पुन्हा निवडून कसं यायचं तेवढं कळत नाही, हेही त्यांचंच. निदान त्यांना स्वतःला तरी ते कळत असावं.

राजाशी संबंध कसे? अदबीचे. पण २००८ साली इच्छामरणाचा कायदा संसदेपुढे आला आणि ग्रँड ड्यूक आंरी यांनी सांगितलं, माझी सदसद्विवेकबुद्धी यावर सही करू देत नाही. गंमत अशी की युंकर आणि त्यांचा पक्षही या कायद्याच्या विरोधातच होते. दुसरा कुणी असता तर राजाच्या आडून कायदा परस्पर बुडाला म्हणून निवांत झाला असता. यांनी मात्र घटनाच बदलायला घेतली. २००९च्या मार्चपासून संसदेने केलेल्या कायद्याला ग्रँड ड्यूकांच्या मंजुरीची गरज उरली नाही. त्यांनी तो फक्त जाहीर करायचा. राजाची सदसद्विवेकबुद्धी शाबूत, कायदा मंजूर, संसदेचा मान कायम. कमी झाले ते थोडेसे राजेसाहेब.

आणि एवढ्या मुरब्बी माणसाला गोत्यात आणलं कुणी? मनगटी घड्याळाने. देशाच्या गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाने थेट पंतप्रधानांचंच बोलणं घड्याळात दडवलेल्या यंत्रावर टिपून घेतलं होतं. त्या वेळी पाच लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या देशात गुप्तहेरांनी तरी पाळत ठेवायची कुणावर? २०१२च्या अखेरीस ते बाहेर आलं, चौकशी लागली, या खात्यावर पंतप्रधानांचं लक्ष नव्हतं असा ठपका आला, आणि जुलै २०१३मध्ये सहकारी पक्षाने हात काढून घेतला. तिन्ही खाती एकट्याने सांभाळून दाखवणाऱ्या माणसाचं नेमकं चौथ्याकडे दुर्लक्ष झालं.

ऑक्टोबरात निवडणूक झाली. यांचा पक्ष साठांपैकी तेवीस जागा घेऊन पहिला आला, आणि बाकीच्यांपैकी तीन पक्षांनी मिळून सरकार केलं. महाराष्ट्राला हे गणित समजावून सांगायला नको.

मग युंकरसाहेब घरी बसले का? छे. वर्षभरात ते युरोपियन युनियनचा कारभार पाहणाऱ्या युरोपियन कमिशनचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आधीच्या दोन पंतप्रधानांनाही, तॉर्न आणि सांतेर यांना, हेच पद मिळालं होतं. लक्झेंबर्गमध्ये पंतप्रधानपदाला ही जणू निवृत्तिवेतनाची जोडच आहे. तिथे गेल्यावर त्यांनी एका परिषदेत हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान यांचं स्वागत कॅमेऱ्यांसमोर ‘या हुकूमशहा’ असं केलं आणि वर गालावर एक चापटी दिली. मोठ्या देशाच्या नेत्याने हे केलं असतं तर राजदूत परत बोलावले गेले असते. यांच्या चापटीवर लोक हसले. मोठ्या देशाचा माणूस वर बसवला की शेजारचा मोठा रुसतो. छोट्या देशाचा बसवला की प्रत्येक मोठ्याला वाटतं, हा आपलाच. तसं प्रत्येकाला वाटू देणं हे युंकरांचं मूळ खातं. बाकीची खाती त्यामागून आपसूक आली.