चौदा नंबर गैरहजर

'नेट नाय' असं कुणी म्हटलं की मालवणातली साधी माणसं राउटर बंद करून चालू करतात. भाऊ खुर्ची ओढतात आणि कमांड प्रॉम्प्टची ती काळी खिडकी उघडतात. आधी पिंग १२७.०.०.१, म्हणजे संगणकाने स्वतःलाच हाक मारायची. मग राउटरला, मग ८.८.८.८ ला, शेवटी एखाद्या साइटला नावानिशी. आकड्याने ओ दिली आणि नावाने नाही, तर लाईन ठीक, घोळ डीएनएसचा. हे समजावून होईस्तोवर नेट आपसूक आलेलं असतं. निदान व्हायच्या आधी रोगी बरा झाला, याचा भाऊंना मनापासून राग येतो.

पिंग हा प्रोग्रॅम माइक मूस या अमेरिकी माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, नाव सोनारच्या आवाजावरून ठेवलं, हे त्यांनी एकदा धक्क्यावर रंगवून सांगितलं. "म्हंजे आमचो फिशफाइंडरच मां!" तांडेल म्हणाला आणि जाळं विणायला लागला.

नेटस्टॅट हा त्यांचा हेरखात्याचा विभाग. ४४३ पोर्टवर 'एस्टॅब्लिश्ड' अशी ओळ दिसली की भाऊंचा आवाज खाली येतो, "भायरसून कोणतरी जोडलेला हा." पीआयडी शोधत गेलं की पलीकडे वहिनींची मालिका निघते.

पण खरा जीव बॅच फाइलीवर. घरातल्या प्रत्येक फोनला त्यांनी राउटरमध्ये कायमचा पत्ता बांधून दिलाय. वहिनी ५, पुतण्या १४, आणि निवास-न्याहारीला येणारे पर्यटक ५० च्या पुढे. दर पाच मिनिटांनी ती फाइल एकेकाला हाक मारते आणि वेळ घालून 'हजर' किंवा 'गैरहजर' लिहून ठेवते. घराण्याची एवढी चोख नोंद देवळातल्या गावकाराकडेही नसेल.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी नोंद उघडली. चौदा नंबर रात्री पावणेदहापासून पहाटे पाचपर्यंत गैरहजर. दशावतार संपायचीच ती वेळ.

"खंय होतस रे?"

"खोलयेत. अभ्यास करी होतंय."

"मगे चौदा नंबर जाब कित्याक देईत नाय?"

पुतण्या डगमगला नाही. "काका, फोन निजललो. निजलेलो फोन पिंगाक जाब देतलोच असा नाय."

आता हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. बॅटरी वाचवायला फोन वायफायवर डुलक्या काढतो आणि एखादी हाक त्याला ऐकूच जात नाही. दुसरा कुणी काका असता तर कान पिळला असता. भाऊ मात्र विचारात पडले, चष्मा पुसला, आणि पोराला तिथेच सोडून फाइल दुरुस्त करायला बसले. एका हाकेऐवजी लागोपाठ दहा, '-एन १०'.

वहिनींनी टेबलावरचा कागदी पुडा उचलून पुतण्यापुढे धरला.

"आणि ह्या खाजा काय डाउनलोड केलंस?"