परकं भांडण अंगावर घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

फुटबॉलचा विश्वचषक आला की कोल्हापुरात पेठांच्या तोंडाशी ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, मेस्सी-नेमारचे फ्लेक्स चढतात आणि रीतसर भांडणाला सुरुवात होते. अलीकडे मात्र या भांडणाचा दर्जा खालावला आहे. मोबाइलवर दोन रील बघितलेली पोरं कट्ट्यावर येऊन मध्येच तोंड घालतात. त्यांना ना इतिहास ठाऊक, ना आवाज कधी चढवायचा याचं भान. अशा नवशिक्यांसाठी हे मार्गदर्शन. मंगळवार पेठेतल्या आमच्या अण्णांचं अनेक विश्वचषक जवळून निरीक्षण करून ते तयार केलं आहे. अण्णांची परवानगी घेतलेली नाही.

नियम १ : संघ धरावा, कारण देऊ नये.

कारण दिलं की ते खोडता येतं. १९८६ साली दूरदर्शनसमोर बसलेलं सगळं गाव मॅराडोनाच्या नादाला लागलं, आणि अण्णांनी नेमका तेव्हाच ब्राझील धरला. झिकोनं फ्रान्सविरुद्ध चालू सामन्यात पेनल्टी घालवली, मग शूटआउटमध्ये ब्राझील बाहेर गेला. शहाणा माणूस अशा वेळी गुपचूप पार्टी बदलतो. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत आणि कायमचे ब्राझीलचे झाले. "जिंकणाऱ्याच्या मागनं कोण बी जातंय लेका," हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. त्यांच्याकडे एक पिवळी जर्सी आहे. तिच्या पाठीवर १० आकडा होता. धुऊन धुऊन त्यातला एक गेला आणि शून्य तेवढं उरलं. मी अर्जेंटिनावाला असल्यानं त्या शून्याबद्दल मला बरंच बोलता येतं.

नियम २ : वैर शेजाऱ्याशीच करावं.

लांबच्या माणसाशी वैर टिकत नाही. पहिला आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळ पार्टिकला झाला तो स्कॉटलंड आणि इंग्लंड या शेजाऱ्यांत. मैदान क्रिकेटचं, निकाल ०-०. दीडशे वर्षं उलटली तरी त्या बरोबरीचा निकाल लावणं चालू आहे. कोल्हापूरकरांना हे वेगळं शिकवायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की मंगळवार पेठेतून शिवाजी पेठेत दिलेल्या लेकीच्या सासर-माहेरचं बोलणं दोन दिवस बंद असतं.

शेजाराचा सर्वांत चोख दाखला अण्णांच्या अंगावरच आहे. १९५० साली माराकाना मैदानावर उरुग्वेनं ब्राझीलला २-१ असं हरवलं आणि अख्खा देश सुतकात गेला. ब्राझील तेव्हा पांढऱ्या जर्सीत खेळत असे. ती अपशकुनी ठरली. नव्या जर्सीसाठी एका वर्तमानपत्रानं स्पर्धा घेतली, अट एकच : झेंड्यातले चारही रंग आले पाहिजेत. ती जिंकली अल्डिर श्ली नावाच्या तरुणानं. आज जगभर ओळखला जाणारा तो पिवळा-निळा गणवेश त्याचा. आता गंमत अशी, की हा गडी उरुग्वेच्या सीमेवरच्या गावात वाढलेला आणि मनानं उरुग्वेचा पाठीराखा!

ही हकिगत ब्राझीलवाल्याला सांगायची ती त्याच्या तोंडात मिसळीचा घास असताना, म्हणजे लगेच उत्तर येत नाही. मी तशीच सांगितली. अण्णांनी घास गिळला, कटाची वाटी आणखी एकदा मागवली आणि म्हणाले, "म्हंजे वैऱ्यालासुद्धा आमचंच काम करावं लागलं, बघ." अशा माणसाशी वाद घालायचा म्हणजे तयारी लागते. म्हणून पुढचा नियम.

नियम ३ : दाखला असा द्यावा की समोरच्याला मोबाइल काढावा लागेल.

इंग्लंड-अर्जेंटिना म्हटलं की नवशिका थेट 'देवाच्या हाता'वर जातो. मुरलेला माणूस १९६६ पासून सुरुवात करतो. वेम्बलीवर उपांत्यपूर्व सामना, पंच पश्चिम जर्मनीचे क्राइटलाइन, अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन. पंचांना स्पॅनिश येत नाही, रातीनला जर्मन येत नाही. पंच म्हणतात बाहेर हो, हा म्हणतो दुभाषा आणा. कितीतरी मिनिटं गडी मैदान सोडेना. त्या गोंधळानंतर केन ॲस्टन हे पंचप्रमुख गाडीतून जाताना सिग्नलला थांबले आणि त्यांना सुचलं : पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. १९७० च्या विश्वचषकापासून खिशात कार्डं आली. सगळ्या जगाला कळणारी ही खूण. फक्त आमच्याकडे सिग्नलच पाळत नसल्यानं तिचा उगम पटवून द्यायला वेळ लागतो.

यानंतर १९८६ वर यावं. फॉकलंडच्या युद्धाला चार वर्षं झालेली, मॅराडोनानं ५१ व्या मिनिटाला हातानं गोल केला आणि ५५ व्या मिनिटाला निम्म्या इंग्लंडला चुकवून दुसरा. इंग्लंडवाल्यांना पहिलाच गोल आठवतो, आम्हाला दुसराच. दोन्ही आठवणाऱ्या माणसाला कट्ट्यावर बसू देऊ नये, तो वाद मिटवतो.

नियम ४ : ऑफसाइड कोणालाही समजावून सांगू नये. तेवढ्यात गोल होतो.

नियम ५ : ७-१ चा विषय काढू नये.

२०१४ च्या उपांत्य सामन्यात २९ व्या मिनिटाला ब्राझीलवर जर्मनीचा पाचवा गोल झाला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दोन वाजले होते. कट्टा रिकामा झाला. अण्णा बसून राहिले. सात गोल बसूनच बघितले. ९० व्या मिनिटाला ऑस्करनं एक परतवला, तेव्हा त्यांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. अर्जेंटिनावाल्यांनी त्यांना दुसऱ्या दिवशी काही बोलायचं नाही असं आपापसांत ठरवलं होतं. ते अजून पाळतो. या नियमाला अपवाद नाही.

नियम ६ : हातघाईवर येऊ नये.

१९६९ च्या जूनमध्ये होंडुरास आणि एल साल्वादोर यांच्यात विश्वचषकाच्या पात्रतेचे तीन सामने झाले आणि १४ जुलैला खरोखरचं युद्ध पेटलं. शंभरेक तास चाललं, हजारो माणसं गेली. नाव पडलं 'फुटबॉल युद्ध'. खरं कारण जमिनीचं आणि पोटासाठी सीमा ओलांडून गेलेल्या शेतमजुरांना हुसकावण्याचं. बांधाचं भांडण, आळ चेंडूवर. आपल्याकडेही तालमींचे राडे होतात तेव्हा मुळात काय धुमसत होतं ते पेठेतल्या म्हाताऱ्यांना विचारावं.

नियम ७ : 'सॉकर' म्हणणाऱ्याचं काय करावं?

माझा भाचा न्यू जर्सीत वाढला. सुट्टीत आला आणि कट्ट्यावर म्हणाला, "मामा, आय लव्ह सॉकर." अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. अमेरिकेत चेंडू हातात घेऊन पळतात त्याला फुटबॉल म्हणतात आणि पायानं खेळतात त्याला सॉकर, या अन्यायावर त्यांनी अर्धा तास व्याख्यान दिलं. पोरगं शांतपणे म्हणालं, "पण अण्णा, तो शब्द इंग्लंडचाच आहे."

आहेच. १८६३ साली लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. पुढे रग्बीवाल्यांनी १८७१ मध्ये आपली वेगळी चूल मांडली. ऑक्सफर्डच्या पोरांना शब्द छाटून त्याला 'अर' जोडायची खोड होती. रग्बीचं 'रगर' झालं आणि असोसिएशनच्या पोटातून 'सॉकर' निघालं. इंग्रजांनी तो शब्द पुढं कित्येक वर्षं बिनदिक्कत वापरला. मँचेस्टर युनायटेडचे मॅट बझ्बी यांच्या १९७३ च्या आत्मकथनाच्या नावातच 'सॉकर' आहे. उलट अमेरिकेची संघटना १९१३ मध्ये जन्मली ती 'फुटबॉल' नाव घेऊन. ते पुरतं टाकायला तिला १९७४ उजाडलं. २०१० ची अंतिम लढत जोहान्सबर्गच्या सॉकर सिटीत झाली, ऑस्ट्रेलियाचा संघ सॉकरूज, जपानी लोक साक्का म्हणतात. इटलीचं तर कॅल्चो, तिथं दोन्ही पक्ष गप्प.

थोडक्यात, इंग्रजांनी घरचं टोपणनाव परदेशी पाठवलं आणि तिथं ते रुळल्यावर 'हे कुणाचं पोर?' म्हणून हात झटकले. २०२२ मध्ये कतारला अमेरिका-इंग्लंड सामना ०-० सुटला तेव्हा अमेरिकी प्रेक्षक 'याला सॉकर म्हणतात' असं एका सुरात ओरडत होते. मला ते आवडलं. अण्णांना सांगू नये.

नियम ८ : भारताचा विषय रात्री बारानंतर काढू नये.

कारण मग शास्त्र वगैरे राहत नाही, नुसती चिडचिड होते. २०२६ ला ४८ संघ. त्यात कुरासाव आहे, ज्याची लोकसंख्या कोल्हापूर शहराच्या एक तृतीयांशसुद्धा नाही. आम्ही नाही. जून २०२४ मध्ये दोह्यात पात्रतेच्या सामन्यात कतारविरुद्ध आघाडीवर होतो, रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून त्यांनी गोल केला, पंचांनी तो दिला, संपलं. १९५० मध्ये जागा मिळाली होती तर गेलो नाही. अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून, अशी बुटांची गोष्ट सांगतात, पण तेव्हाच्या धुरीणांना ऑलिंपिकच मोठं वाटत होतं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, आपण चौथे आलो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आमचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हा ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले पहिल्यांदाच एका बाजूला बसले आणि भांडायला कोणी नाही म्हणून अवघडले. स्वतःचं भांडण असतं तर परक्याचं कशाला घेतलं असतं उसनं?

नियम ९ : शब्दावरून कितीही जुंपली तरी भाच्याशी बोलणं तोडू नये.

२०२६ ची अंतिम लढत १९ जुलैला, न्यू जर्सीत. ही बातमी कळली त्या संध्याकाळी अण्णा माझ्या घरी आले. बसले. हवापाण्याचं बोलले. मग दाराकडं एकदा बघून हळूच म्हणाले, "तुझ्या भाच्याला इचार की, त्या सॉकरच्या फायनलचं एखादं तिकीट..."

मी नुसता बघत राहिलो.

"ब्राझील असंल तरच हां," अण्णा गुरगुरले. "तुमच्या मेस्सीसाठी कोण इमानात बसतंय?"