टेन्स म्हणजे काळ

आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, आणि टेन्स म्हणजे काळ हे सरांनी सांगायच्या आधी पहिल्या चाचणीनंच पटवलं. बारा टेन्स होते आणि बाराही अंगावर यायचे. माणूससुद्धा टेन्स असू शकतो, हे नोकरी लागल्यावर कळलं. "यू लुक टेन्स," साहेब म्हणाले. आपण भूतकाळ दिसतो की भविष्यकाळ, या विचारात मी नुसतं "थँक्यू सर" म्हटलं.

पुढे वर्तमानपत्रात तीस वर्षं भाषांतरं केली. त्यामुळे परवा आठवीतली भाची वही घेऊन आली, तेव्हा मी चष्मा पुसून तयार होतो. "मामा, टेन्स या विशेषणाचे पाच समानार्थी शब्द. आणि टेन्स वाक्यात वापरून दाखवायचा. पटकन सांग, मला खाली खेळायला जायचंय."

पटकन सांगणं हा माझा धंदा असता तर मी उपसंपादक कशाला झालो असतो? मी मुळापासून सुरुवात केली. काळाचा टेन्स हा लॅटिनमधल्या 'काळ' या अर्थाच्या शब्दावरून आला, आणि हा टेन्स ताणण्यावरून. एकाच आडनावाची दोन घरं, पण सोयरसुतक नाही. उलट आपल्या ताणाशी मात्र त्याचं जुनं नातं. संस्कृतातला 'तन्' धातू आणि लॅटिनचा ताणणारा धातू एकाच कुळातले. म्हणजे ताण, तंतू, गाण्यातली तान आणि साहेबांना दिसलेलं माझं तोंड, ही सगळी चुलत भावंडं.

"मामा, शब्द."

पहिला दिला टॉट. तो मुळात दोरीचा, शिडाचा. दुसरा एजी, म्हणजे कडेवर उभा असल्यासारखा. तिसरा अपटाइट, पण तो मोठ्या माणसांना तोंडावर म्हणायचा नाही. चौथा स्ट्रेन्ड. हा माणसापेक्षा नातेसंबंधांना, आवाजाला आणि शेजाऱ्याला बघून केलेल्या हसण्याला जास्त शोभतो. पाचवा नर्व्हस, आणि इथे मी रेंगाळलो. डॉक्टर जॉन्सननं 1755 साली इंग्रजीचा कोश काढला, त्यात नर्व्हसचा पहिला अर्थ बळकट असा दिलाय. कमकुवत नसांचा हा अर्थ खाली, वैद्यांची बोली म्हणून. तेव्हाचा पहिलवान नर्व्हस असायचा! आपण तर तिसरंच केलं. आपल्याकडे निकाल लागायच्या आधी कुणी नर्व्हस नसतं. कमी मार्क पडल्यावर तोंड पाडून बसतो, तो नर्व्हस.

आई आतून मटार घेऊन आली. "एवढं काय शोधताय? जीव टांगणीला लागला म्हणावं."

आईला ठाऊक नव्हतं, पण तिनं सहावाही दिला होता. ऑन टेंटरहुक्स. इंग्लंडात लोकरीचं ओलं कापड वाळताना आटू नये म्हणून लाकडी चौकटीवर ताणून आकड्यांना अडकवत. चौकट म्हणजे टेंटर, आकडे ते टेंटरहुक्स. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये टेंटर ग्राउंड नावाचा रस्ता अजून आहे. त्यांनी कापड टांगलं, आपण जीव टांगला. फरक इतकाच, की त्यांचं कापड वाळलं की काढून घेत.

पण वाक्यात वापरायची वेळ आली आणि मी अडलो. इंग्रज माणूस सरळ टेन्स 'असतो'. आपल्याकडे टेन्शन येतं, दिलं जातं, आणि मुख्य म्हणजे घेतलं जातं, हातउसनं घेतल्यासारखं. त्याआधी तर ते अवयवांत विभागलेलं होतं: पोटात गोळा, छातीत धडधड, काळजात धस्स. आख्ख्या माणसाला लावायला विशेषणच नाही. तंग आहे, पण तो फारसीतून आला आणि विजार व वातावरण यांच्यापलीकडे फारसा गेला नाही. तणावपूर्ण हा आमचा छापखान्यातला शब्द. 'शहरात तणावपूर्ण शांतता' ही ओळ मी किती वेळा लिहिली, हिशेब नाही. तसली शांतता स्वतः पाहिली मात्र एकदाच, डोंबिवलीत, आमच्या बाहेरच्या खोलीत.

25 नोव्हेंबर 2011, शुक्रवार. सचिनचं नव्याण्णवावं आंतरराष्ट्रीय शतक मार्चमध्ये नागपूरला झालेलं, शंभरावं येता येत नव्हतं. समोर वेस्ट इंडीज, मैदान वानखेडे, सकाळी तो 67 वरून पुढे खेळायला उतरला. ऐंशीच्या पुढे गेल्यावर बाबांनी कर्फ्यू लावला. जो जिथे आहे तो तिथेच. मी दाराशी एका पायात चप्पल घालून उभा, ऑफिसला निघालेलो. आई जमिनीवर मटार सोलत होती; तिच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली, त्यात पाच दाणे, आणि ते काढायची परवानगी नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथी झाली. "गॅस..." आई म्हणाली. बाबांनी तिच्याकडे न बघता फक्त तळहात वर केला. पाचवी झाली. 94 वर रामपॉलच्या चेंडूला बॅटची कड लागली, स्लिपमध्ये सॅमीनं झेल घेतला. आई उठली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "डाळ लागली." बाबांचं मत अजून असं, की मी मधेच दुसरी चप्पल घातली.

शंभरावं शतक शेवटी 16 मार्च 2012 ला मीरपूरला झालं. तेव्हा बाबा पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. ते घरी नव्हते म्हणूनच झालं, हे आईचं मत.

ही गोष्ट भाचीला इतकी आवडली, की तिनं वाक्य स्वतःच केलं. 'माय ग्रँडफादर वॉज व्हेरी टेन्स अ‍ॅट नाइन्टी-फोर.' मी तपासलं. विशेषण बरोबर, काळसुद्धा बरोबर.

काल वही परत आली. बाईंनी वाक्याला बरोबरची खूण केलीय, 'अ‍ॅट'च्या पुढे लाल शाईनं 'द एज ऑफ' घातलंय, आणि खाली आजोबांच्या तब्येतीची चौकशी केलीय. बाबा सध्या 81 वर्षांचे आहेत.