बाभळीवरची बिऱ्हाडं

कुंपणापलीकडे काकू मेथी निवडत होत्या, पण नजर आमच्या बाभळीवर.

"काय गं, त्या मोळ्या तुझ्या पोरानं टांगल्यात? मला तर करणीच वाटते."

"करणी कसली काकू! घरं आहेत ती. आत अळी राहते, पतंगाची. पुस्तकात तिला युमेटा क्रामेरी म्हणतात."

"म्हणू देत. मोळीच ती."

एक ओढून पाहिली, तर फांदीला रेशमाचा असा वेढा की शेवटी कात्री आणली. काकूंनी मोळी तळहातावर घेतली. बोटाएवढी. काड्या सगळ्या उभ्या, एकीला एक खेटून. मध्येच बाभळीचे दोन काटे.

"मापानं तोडल्यात की!"

"तीच तोडते. अंगानं वाढली, घर पुरेना झालं की नवी काडी कुरतडून रेशमानं जोडते. आतून मऊ अस्तर असतं. पाला खायला डोकं आणि पुढचे पाय तेवढे बाहेर, बाकी सगळा संसार पाठीवर. केरकचरा खालच्या भोकातून."

"मग उडते कधी?"

"ती नाहीच उडत. नराला पंख फुटतात, तो जातो उडून. हिची वाढ पुरी झाली तरी पंख नाहीत, अळीसारखीच लठ्ठ. मोळीतच बसून राहते. तिच्या वासावर नर येतो आणि दारातच…"

"कळलं, कळलं." काकूंनी मेथीत मान घातली. मग न राहवून, "आमच्या आत्याबाई अशाच. लग्न होऊन वाड्यात आल्या त्या थेट तिरडीवरूनच बाहेर. पोरंबाळं?"

"अंडी मोळीतच घालते, शेकड्यांनी. मग मरते. पिल्लं बाहेर येतात, धाग्याला लोंबकळतात. वारा नेईल ते गाव. तिथं पोचली की आधी घर बांधायला घेतात."

काकू जरा वेळ गप्प. मलाच राहवेना. टेनंट नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1861 च्या पुस्तकात लिहिलेली सिंहली लोकांची समजूत मी सांगून टाकली: मागल्या जन्मी ज्यांनी सरपण चोरलं, त्यांना म्हणे या किड्याचा जन्म मिळतो.

काकूंचा हात थांबला. "आम्ही लहानपणी पाटलाच्या कुंपणाच्या फांट्या ओढून आणायचो गं. चूल पेटायला नको?"

तेवढ्यात मोळीच्या तोंडाशी काहीतरी तपकिरी हललं आणि झटकन आत गेलं. काकू दचकल्या, पण मोळी पडू दिली नाही.

"जिवंत आहे! ठेव बाई परत जागेवर."

"धागा तर कापला मी. फांदीवर ठेवली की चढेल आपली आपण."

"चढेल तेव्हा चढेल. तोवर खाली पडली म्हणजे?" म्हणत काकूंनी मेथीच्या जुडीचा दोरा सोडला आणि तारेवरून माझ्या हातात दिला.