मा. खजिनदारांस, बेरजेबद्दल अभिनंदन!

प्रति,
मा. खजिनदार साहेब,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : वर्डच्या तक्त्यातील बेरीज कॅल्क्युलेटरवर केल्याबद्दल अभिनंदन

स. न. वि. वि.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायची म्हणून आपण दर वर्षी रात्री जागून अहवाल टाइप करता, हे आम्ही सभासद जाणून आहोत. पाणीपट्टी, लिफ्टची देखभाल, वॉचमनचा पगार, सारे चौकटीत कसे ठसठशीत बसलेले असते! आणि खालची ती बेरीज? एक बोट पडद्यावर, एक कॅल्क्युलेटरवर, आणि उत्तर ठळक अक्षरांत स्वहस्ते टाइप केलेले. समोर संगणक असताना त्याला बेरजेची तसदी द्यायची नाही, याला मोठे मन लागते.

काही आगाऊ सभासद म्हणतात, वर्डलाही बेरीज येते. शेवटच्या रिकाम्या चौकटीत कर्सर ठेवा, टेबलाच्या लेआउटमध्ये जाऊन फॉर्म्युला दाबा. वर आकडे असले तर तो आपणहून ‘=सम(अबव्ह)’ सुचवतो, डावीकडे असले तर ‘=सम(लेफ्ट)’. आपण या आयत्या सुखाला भुलला नाहीत, तेच बरे. कारण रकान्याच्या डोक्यावर नुसते २०२५ लिहिलेले असेल, तर तेही खर्चात धरले जाते. हे २०२५ रुपये कशावर उडवले, हे विचारायला सभेत कुणीतरी उभे राहतेच.

आडव्या ओळींची गंमत तर आणखी न्यारी. सभासदांच्या यादीत पहिल्या रकान्यात फ्लॅट क्रमांक, पुढे मेंटेनन्स, सिंकिंग फंड, पार्किंग. ‘डावीकडचे सगळे मिळव’ म्हटले की वर्ड खरोखरच सगळे मिळवतो, फ्लॅट क्रमांकासकट. मजला जितका वरचा, तितकी वर्गणी जास्त! मधली एखादी चौकट कोरी राहिली, तरी बेरजेचा भरवसा नाही. तिथे शून्य टाकावे लागते. आता ‘रंगकाम : ०’ असे छापायला कोणती कार्यकारिणी धजावेल? ‘=सम(बी२:बी९)’ असे लिहून नेमक्या चौकटी नेमून देता येतात म्हणे. पण त्यासाठी कोणते खर्च धरायचे, ते आधी ठरावे लागते. आपल्याकडे ते सभेनंतर ठरते.

शिवाय वर्डची बेरीज मोठी स्थितप्रज्ञ. सूत्र घातल्यावर लिफ्टचे बिल दुप्पट करा, एकूण रक्कम ढिम्म हलत नाही. तिच्यावर क्लिक करून एफ ९ दाबावे लागते. तक्ते पुष्कळ असले तर कंट्रोल-ए करून सगळा मजकूर निवडायचा आणि मग एफ ९. छापण्याआधी आकडे आपोआप ताजे करून घेण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती शोधेपर्यंत सभेचा कोरम भरून जाईल.

या दुखण्यावर औषध जुनेच आहे. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनने पाहिले, की फळ्यावर एक आकडा बदलला तर प्राध्यापकांना त्यापुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागते. त्यातून त्याने बॉब फ्रँकस्टनच्या साथीने १९७९ साली व्हिसिकॅल्क आणले. एक आकडा बदला, त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आपसूक बदलतात. आजची एक्सेल त्याच वळणाची आहे. तिथे हिशेब करून तक्ता वर्डमध्ये आणला, तर वर्डकडे लिहिण्याचेच काम राहते आणि ते त्याला उत्तम जमते. पण मग रात्री जागण्याचे पुण्य कुठून मिळणार?

तेव्हा आपण आपली रीत सोडू नये. फक्त बेरीज लिहून झाल्यावर एखादा आकडा बदललात, तर कॅल्क्युलेटर पुन्हा एकदा हाती घ्यावा, आणि तेवढाही वेळ नसेल तर तक्त्याखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ छापावे. लेखापरीक्षकाचे समाधान होणार नाही, आमचे होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सातव्या मजल्यावरील एक सभासद

ता. क. : यंदाच्या यादीत आपण सूत्र वापरून पाहिलेले दिसते. वर्षाचे सगळे पैसे भरूनही माझ्या नावावर ७०४ रुपये थकबाकी आहे. मी फ्लॅट क्रमांक ७०४ मध्ये राहतो. तळमजल्यावर एखादी जागा रिकामी झाली तर कृपया कळवावे.