येताना जास्त, जाताना कमी

छंद काय, असं कोणी विचारलं की मी ‘वाचन’ असं सांगतो. हे खोटं आहे, पण निरुपद्रवी आहे, आणि समोरचा पुढे काही विचारत नाही. खरं उत्तर द्यायचं तर हॅम रेडिओ म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते, मग उपग्रह, मग डॉप्लर. आणि एवढं सांगून होईपर्यंत एखादा उपग्रह सिंहगडाच्या बाजूनं उगवून, डोक्यावरून जाऊन, पलीकडे मावळलेलाही असतो. मग मला त्या बिचाऱ्या माणसाचा राग येतो. म्हणून वाचन. तुम्ही आता स्वतःहून वाचायला बसला आहात, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही.

हौशी रेडिओवाल्यांचे स्वतःचे उपग्रह असतात, हे ऐकून लोकांना मी थापा मारतोय असं वाटतं. पहिला होता ऑस्कर-१. १२ डिसेंबर १९६१ रोजी सुटला, म्हणजे स्पुटनिकनंतर जेमतेम चार वर्षांनी. कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी तो बनवला आणि अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटमध्ये तोल साधायला जे निव्वळ वजन ठेवतात, त्यातल्या एकाची जागा पटकावून फुकटात वर धाडला. साडेचार किलोचा तो डबा मोर्समध्ये फक्त ‘हाय’ म्हणायचा. चार टिंबं, दोन टिंबं. डब्यातलं तापमान बदललं की ‘हाय’ म्हणण्याचा वेग बदलायचा. तीन आठवडे तो एवढंच म्हणत राहिला आणि जगभरचे हॅम रात्री जागून ते ऐकत राहिले. या छंदाचा बौद्धिक दर्जा तेव्हाच ठरला.

आपलाही एक होता. हॅमसॅट. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्हीनं कार्टोसॅट-१ बरोबर त्यालाही श्रीहरिकोट्याहून वर नेलं. साडेबेचाळीस किलो वजन, आत दोन ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेला आवाज पुन्हा खाली पाठवणारी यंत्रं. एक भारतीय आणि दुसरा चक्क एका डच विद्यार्थ्यानं बनवलेला. नऊ वर्षं चालला. जुलै २०१४ मध्ये बॅटरीनं राम म्हटला, तेव्हा आमच्यातल्या काही जणांनी त्या दिवशी गोड खाल्लं नाही.

आता डॉप्लर. हे उपग्रह सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगानं पळतात, म्हणजे पुणे-मुंबई वीस सेकंदांच्या आत, आणि खालापूरच्या टोलनाक्यावर न थांबता. इतक्या वेगानं येणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा ऐकू येत नाही. गेली वीसहून जास्त वर्षं फिरणारा एसओ-५० हा सौदी उपग्रह घ्या. तो ४३६.७९५ मेगाहर्ट्झवर बोलतो. बोलतो म्हणजे, त्याच्या मते. उगवताना मला तो ४३६.८०५ वर सापडतो, सर्वांत जवळ असताना छापील आकड्यावर येतो आणि मावळताना ४३६.७८५ वर घसरलेला असतो. येताना जास्त, जाताना कमी. उपग्रहानं स्वतःहून काहीही बदललेलं नसतं. तो आपला सरळमार्गी आहे; डायल आम्ही फिरवायची.

आणि हा बदल समान हप्त्यांत होत असता तर काही तक्रार नव्हती. सुरुवातीला आकडा जागचा हलत नाही. तुम्ही निर्धास्त होता. मग उपग्रह माथ्यावर आला की दोन-तीन मिनिटांत बहुतेक सगळी घसरण उरकून घेतो. नेमकी तीच वेळ अँटेनाही भराभर फिरवायची असते, कारण आत्तापर्यंत दक्षिणेला असलेला उपग्रह आता उत्तरेला निघालेला असतो. शिवाय तो स्वतःभोवती गिरक्या घेतो, त्यामुळे मनगट पिळून अँटेना आडवी-उभी करत राहावी लागते. एका हातात अँटेना, दुसऱ्या हातात वायरलेस सेट, त्याच हाताच्या अंगठ्यानं डायल, आणि कोणी काय कॉलसाइन सांगितली ते लिहायला तिसरा हात हवा असतो, तो निसर्गानं दिलेला नाही. म्हणून खिशात मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवायचा.

माझी अँटेना यागी जातीची आहे. पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे बसवून घरीच केलेली. काही तुकड्यांवरचे सेंटिमीटर अजून वाचता येतात. ती घेऊन मी गच्चीवर भर दुपारी आकाशाकडे रोखून उभा राहतो आणि “व्हिक्टर युनिफॉर्म टू” असं ओरडतो, तेव्हा सोसायटीत दोन तट पडतात. चेअरमन साहेबांचा रेडिएशनला विरोध आहे.

“किती वॅटचं आहे हो हे?” त्यांनी एकदा जिन्यात अडवून विचारलं.

“पाच.”

“पाच!” त्यांनी भिंतीला हात टेकला.

“तुमच्या देवघरात जो शून्याचा दिवा आहे ना, तो पंधराचा असतो,” मी म्हटलं. त्यानंतर दोन दिवस त्यांच्या देवघरात निरांजन होतं, असं ऐकलं. गच्चीची किल्ली मात्र तेव्हापासून त्यांनी स्वतःकडे घेतली.

दुसरा तट तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. मी यागी फिरवत असेपर्यंत कावळे वाळवणाजवळ फिरकत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलेलं आहे. कुरडयांच्या दिवसांत त्या खालून विचारतात, “आज तुमचा तो कितीला येणार?” मी वेळ सांगतो आणि त्या त्या हिशेबानं चीक शिजवायला घेतात. हौशी उपग्रहांचा गृहोद्योगाला झालेला हा एवढाच लाभ माझ्या माहितीचा आहे.

एसओ-५० वर बोलायची पद्धतही सांगतो. तो आधी झोपलेला असतो. कोणीतरी ७४.४ हर्ट्झचा सूर पाठवून त्याला उठवायचं. मग तो दहा मिनिटं जागा राहतो. त्या दहा मिनिटांत एकच चॅनेल आणि त्याच्या टप्प्यात अख्खा भारत, श्रीलंका, शिवाय ओमानकडची मंडळी. चाळीत दहा मिनिटं पाणी आलं की एका नळावर जे होतं, ते इथे होतं. एफएममध्ये ज्याचा सिग्नल जोरकस तोच ऐकू येतो, बाकीचे जणू नसतातच. त्यामुळे संभाषण आटोपशीर ठेवावं लागतं. कॉलसाइन, तुम्ही पृथ्वीच्या कुठल्या चौकटीत आहात तो क्रमांक, आणि ‘सेव्हंटी थ्री’, म्हणजे शुभेच्छा. संपलं.

एकदा असा एक क्यूएसओ, म्हणजे असलं संभाषण, उरकून, घामाघूम होऊन मी घरी आलो.

“झालं का बोलणं?” हिनं विचारलं.

“झालं!”

“काय बोललात?”

“एमके अडुसष्ट.”

“आणि ते?”

“एमके शहात्तर.”

“ते कुठे आलं?”

“कोल्हापूर.”

ही काही वेळ माझ्याकडे पाहत राहिली. “अहो, कोल्हापूरला फोन लागतो,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. सहा-सातशे किलोमीटर उंचावरून कोल्हापूर गाठण्यात काय थरार आहे, हे फोनवाल्यांना पटवून देता येत नाही. तो प्रयत्न मी सोडला आहे.

एफएम म्हणजे तरी बालवाडी. डायल पाच किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी हलवली तरी चालून जातं. खरी परीक्षा लीनिअर ट्रान्सपाँडरवर, जिथे साइडबँडमध्ये बोलतात. तिथे शे-दीडशे हर्ट्झची चूकही माणसाचं चारित्र्य बदलून टाकते. डायल जरा खाली राहिली तर बंगळूरचे एक भारदस्त निवृत्त अधिकारी बदकासारखे बोलू लागतात. डायल सोडून दिली तर वाक्य संपेपर्यंत तेच गृहस्थ कुंभकर्णाच्या पट्टीत उतरतात. त्यातून बहुतेक ट्रान्सपाँडर उलटे असतात. म्हणजे तुम्ही वर जाल तितका उपग्रह तुम्हाला खाली आणून सोडतो. हा वात्रटपणा नाही. त्यानं जाताना आणि येताना होणाऱ्या डॉप्लरची एकमेकांतून वजाबाकी होते आणि घसरण थोडी कमी होते. १४५ मेगाहर्ट्झवर पाठवलं आणि ४३५ वर ऐकलं, तर इकडचे तीन किलोहर्ट्झ तिकडच्या दहांतून वजा. सात उरतात. सातही पुरेसे असतात.

आता भानगड अशी की डॉप्लर प्रत्येकाचा वेगळा असतो. माझ्याकडून उपग्रह दूर जात असतो तेव्हा गुवाहाटीवाल्याकडे तो येत असतो. मी त्याचा आवाज नीट लागावा म्हणून दोन्ही डायली हलवतो, मग त्याला माझा आवाज बिघडल्यासारखा वाटतो, मग तो हलवतो. असे आम्ही दोघं नम्रपणे एकमेकांना सांभाळत पट्ट्यातून सरकत जातो आणि शेजारी शांतपणे बोलत बसलेल्या तिसऱ्याच जोडप्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. यावर हॅम मंडळींनी जुना तोडगा काढलेला आहे: दोन्हींपैकी ज्याचा आकडा मोठा, तीच डायल हलवायची. हॅमसॅटवर आम्ही ४३५ वर पाठवायचो आणि १४५ वर ऐकायचो, म्हणून पाठवण्याची डायल हलवायची. त्याहून नेमका नियम असा की उपग्रहाला दोघांचा आवाज कायम एकाच जागी ऐकू आला पाहिजे. खाली ज्यानं त्यानं आपलं आपलं निस्तरावं. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा नियम मांडण्याचा मोह मला दर वर्षी होतो.

ज्या माणसाच्या नावानं हा सगळा ताप आहे, तो ख्रिश्चन डॉप्लर रेडिओच्या जन्माआधी होऊन गेला. १८४२ मध्ये प्राग इथे त्यानं निबंध वाचला तो जोडताऱ्यांच्या रंगांवर. तारे येता-जाताना रंग बदलतात, असं त्याचं म्हणणं. ताऱ्यांच्या रंगाचं हे कारण नाही, पण तत्त्व मात्र बरोबर निघालं. त्याची खातरजमा करायला १८४५ मध्ये बाइस बॅलोट या डच शास्त्रज्ञानं उट्रेख्टजवळ आगगाडीवर कर्णे वाजवणारे बसवले आणि रुळांशेजारी सुरांचे पक्के कान असलेले वादक उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न थंडीनं आणि हिमवर्षावानं उधळला गेला, जूनमध्ये जमला. गाडी येताना सूर चढलेला, जाताना उतरलेला. विज्ञानाच्या इतिहासात यापेक्षा श्रेष्ठ प्रयोग असतील, पण प्रेक्षणीय इतका नसेल.

आम्ही ज्याला कटकट म्हणून दुरुस्त करत बसतो, त्यातून शहाण्या लोकांनी काय काढलं तेही ऐका. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक सुटला तेव्हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले गायर आणि वाइफेनबाख हे दोघे त्याची पिंपिं ऐकत बसले होते. सूर घसरतोय हे त्यांच्या लक्षात आलं. नुसत्या त्या घसरणीवरून त्यांनी स्पुटनिकची कक्षा काढली. त्यांच्या वरिष्ठांनी मग उलटा प्रश्न टाकला: उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे सांगता येईल का? त्यातून ट्रान्झिट ही उपग्रहांवर चालणारी दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली. मी तीच घसरण वर्षानुवर्षं ऐकतोय आणि माझा ठावठिकाणा फक्त हिला आणि चेअरमन साहेबांना माहीत असतो.

हल्ली हे सगळं संगणक करतो. कक्षेचे दोन ओळींचे आकडे उतरवून घ्यायचे, रेडिओला वायर जोडायची. पुढे डायल भुताटकी झाल्यासारखी आपोआप फिरत राहते आणि तुम्ही चहा घेत बसायचं. मी बसलो आहे. फारच कंटाळवाणं असतं. तरी माझं मत विचाराल तर एफएमला हातानं फिरवा, मजा तिथेच आहे. साइडबँडला मात्र संगणक लावा, कारण तिथे तुमची हौस दुसऱ्याच्या संभाषणावर जाऊन आदळते. फक्त संगणकाचं घड्याळ तपासून घ्या. उपग्रह माथ्यावरून जात असताना दहा सेकंदांचा फरकही बदक बाहेर काढतो.

एओ-७ बद्दल न सांगता थांबणं कृतघ्नपणा होईल. १५ नोव्हेंबर १९७४ ला वर गेला, १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन मेला. २००२ च्या जूनमध्ये एकाएकी पुन्हा बोलू लागला. मेलेल्या बॅटरीतला शॉर्ट सुटला होता, म्हणजे बॅटरी पुरती निकामी झाल्यामुळे उपग्रह जिवंत झाला! तेव्हापासून ऊन असेल तेव्हा चालतो, सावलीत गेला की बंद. कोणी फार जोरात बोललं तर त्याचा आवाज हिंदकळायला लागतो, म्हणून त्याच्याशी सगळे हळू बोलतात.

डॉप्लर अजिबात नको असेल तर त्याचीही सोय झाली आहे. कतारच्या एस-हेल-२ या उपग्रहावर क्यूओ-१०० नावाचा हौशी ट्रान्सपाँडर आहे. २०१८ मध्ये सुटला, भूस्थिर, पुण्यातून पश्चिमेला साधारण तीस अंशांवर चोवीस तास टांगलेला. टीव्हीची डिश त्या दिशेला केली की ऐकू येतो. उगवणं नाही, मावळणं नाही, डायल एकदा लावली की झालं, असं मला सांगण्यात आलं होतं. मी डिश बसवली आणि ऐकू लागलो, तर ऊन चढेल तसा सिग्नल सरकायला लागला. उपग्रह जागच्या जागी होता. डिशच्या तोंडाशी असलेला स्वस्तातला एलएनबी तापत होता. डायल पुन्हा माझ्या हातात आली, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

तुम्हाला यात यावंसं वाटत असेल तर केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. वय बारा पूर्ण हवं. वरच्या वर्गाच्या परवान्याला मोर्स येणं लागतं, मिनिटाला आठ शब्द. परवाना मिळतो, कॉलसाइन मिळते, उपग्रह फुकट असतात. गच्चीची किल्ली मात्र ज्याची त्यानं मिळवायची. त्या कामी सरकार काही मदत करत नाही.